चिठ्ठीशिवाय

पावणेदोन. रेणू पुन्हा उठली.
खोकला आधी येतो, डोळे मागून उघडतात,
आणि मग रडू,
की हे कोण मला आतून हलवतंय.

बायपासवर चढाला ट्रक गिअर बदलतात,
तसाच आवाज, एवढ्याशा छातीतून.
प्रणिता दोन रात्री जागलीय.
आज पाळी माझी.

दुकानाची किल्ली खुंटीवरच्या शर्टात आहे.
जिना उतरायचा, पिठाची गिरणी ओलांडायची,
शटर अर्धं वर, डावीकडे तिसरा कप्पा :
जांभळी, नारिंगी,
एक गुलाबी, जिच्यावर हसरं अस्वल.
अकरा वर्षं वारज्यात मी त्या बाटल्यांची धूळ पुसतोय.
डोळे मिटून सांगेन
कुठलीत झोप आहे, आणि किती.

म्हणूनच जात नाही.

संध्याकाळी एक जण आला होता, हेल्मेट न काढता.
खोकल्याचं द्या. लहान मुलाचं.
वय?
दीड वर्ष.
चिठ्ठी?
अहो, नुसता खोकला आहे!
मी म्हणालो, मिठाच्या पाण्याचे थेंब न्या नाकात घालायला,
सकाळी डॉक्टरांना दाखवा.
तो म्हणाला, तुम्हाला धंदा करायचाय की नाही?
ते वाक्य अजून काउंटरवर पडलंय
कुणी न उचललेल्या चिल्लरसारखं.

तेच थेंब आता रेणूच्या नाकात.
लाथा, एक चापट माझ्या चष्म्याला,
मग शिंक. बरीच मोठी.
उदगीरहून आईचा फोन आला होता रात्री,
तेलात कापूर घालून चोळ रे पोरीच्या छातीला.
मी हो म्हणालो. आईला हो म्हणायचं असतं.
कापूर देव्हाऱ्यातच राहिला.

मध मात्र देतो, अर्धा चमचा.
बारशाला काकूंनी बोटानं चाटवू पाहिला होता
तेव्हा प्रणितानं त्यांचा हात धरला भर पाहुण्यांत,
वर्षाची होईपर्यंत नाही म्हणजे नाही.
काकू अजून आमच्याशी तुटकच बोलतात.
आता रेणू वीस महिन्यांची.
चमचा चावून धरते, सोडतच नाही.

मग गिझर. दार लावून गरम पाण्याचा नळ मोठा,
आणि आम्ही दोघं लांब, दाराला टेकून,
निळ्या स्टुलावर, ती मांडीत उभ्यानं.
आरसा पुसट होतो. तिला उचलून धरतो,
ती बोटानं एक रेघ ओढते
आणि रेघेला म्हणते, बाबा.

खोलीत आणून झबलं वर करतो.
श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत नाही ना.
ओठ गुलाबी.
मोबाईलवर एक मिनिट लावून पोट मोजतो :
एकतीस.
पुन्हा मोजतो. तेहतीस.
गिऱ्हाईकाचे पैसेही मी दोनदाच मोजतो.
चाळीस ओलांडले असते
तर खालच्या दिलावरला रिक्षासकट उठवलं असतं,
हे ठरवून ठेवलं होतं, त्याला न विचारता.

तीन वीस. खांद्यावर गरम श्वास, लाळेचा ओला गोल.
खोकला आहेच,
पण दोन खोकल्यांच्या मध्ये आता
झोप मावते थोडी.
दहाला डॉक्टर.

गॅलरीत उभा राहतो, शाल गुंडाळून.
समोरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दिवा,
कुणीतरी खिडकीपासून दारापर्यंत
येरझाऱ्या घालतंय, हातात काहीतरी धरून.
तोच असेल असं नाही.
हेल्मेटच्या आत चेहरा मला दिसलाच कुठे.

मध सांगायचा राहिला त्याला.
दीड वर्षाचं पोर, चालला असता.
घाई होती मागच्या रांगेची,
आणि मी बरोबर होतो,
त्या बरोबर असण्यात
नुसतं नाही म्हणून मोकळा झालो.

रेणू एकदा खोकते. मी थांबतो.
दुसरा येतो का, ऐकत.